लेगोचा 'वॉचपॉइंट: जिब्राल्टर' संच: सामना संपतो तिथून पुढचे रॉकेट

ओव्हरवॉच हा दोन संघांनी ऑनलाइन खेळायचा नेमबाजीचा व्हिडिओ गेम खेळलेल्या माणसाला त्यातल्या जिब्राल्टरच्या नकाशातला, म्हणजे त्या नावाच्या मैदानातला, शेवटचा टप्पा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. हल्ला करणारा संघ उपग्रह वाहून नेणाऱ्या ड्रोनच्या सोबतीने प्रक्षेपणस्थळाकडे सरकत असतो, बचाव करणारा संघ त्याला वळणावळणावर अडवत असतो, आणि अखेरच्या काही मीटरांवर रॉकेट समोर उभे असताना दोन्ही संघांचे सगळे खेळाडू त्या ड्रोनभोवती एकवटतात. ड्रोन ठिकाणावर पोहोचला की सामना संपतो, पडद्यावर निकाल झळकतो आणि पुढच्या सामन्याची तयारी सुरू होते. माझ्या धाकट्या भावाने आणि मी हा नकाशा सहा वर्षे खेळला. त्या रॉकेटमध्ये कोण बसत असेल आणि त्याचा वरचा भाग कसा सुटा होत असेल, याबद्दल आम्ही सामन्यांच्या मधल्या वेळात कितीतरी बोललो. लेगोने जानेवारी 2019 मध्ये बाजारात आणलेला 75975 क्रमांकाचा 'वॉचपॉइंट: जिब्राल्टर' हा संच बरोबर त्या जागेपासून सुरू होतो, आणि तो जुना झालेला असला तरी त्याच्याविषयी सविस्तर लिहिण्याचे कारण तेच आहे.

संचात 730 तुकडे आहेत. त्यांतून एक रॉकेट आणि त्याच्या शेजारी उभा राहणारा प्रक्षेपण मनोरा तयार होतो. रॉकेटचा यान म्हणून वापरता येणारा भाग सुटा निघतो आणि त्याच्या कॉकपिटमध्ये एक बाहुली बसवता येते. सोबत फारा, मर्सी आणि रीपर या खेळातल्या पात्रांच्या तीन मिनिफिगर, म्हणजे लेगोच्या छोट्या बाहुल्या, आणि मोठ्या आकारात घडवलेला विन्स्टन हा गोरिला मिळतो. अमेरिकेतली मूळ किंमत 89.99 डॉलर होती. ओव्हरवॉचच्या त्या पहिल्या मालिकेत ट्रेसर आणि विडोमेकर यांचा छोटा संच, डी.व्हा आणि राइनहार्टची जोडी, बॅस्टियन, डोराडोतली चकमक असे इतरही संच होते. त्यांतले बहुतेक पात्रांच्या प्रेमापोटी घेण्यासारखे होते. एखादी जागा आणि तिथे घडणारी गोष्ट उभी करण्याचा प्रयत्न मला जिब्राल्टरच्या संचात सर्वांत जास्त जाणवतो.

हा संच आता उत्पादनातून बाद झालेला आहे, त्यामुळे तो हवा असेल तर संग्राहकांकडून किंवा वापरलेल्या संचांच्या बाजारातून घ्यावा लागतो. भारतात राहणाऱ्याला त्यात आणखी एक अडचण येते. फेब्रुवारी 2020 च्या अर्थसंकल्पात आयात खेळण्यांवरचे सीमाशुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाले आणि 2023 मध्ये ते 70 टक्क्यांवर गेले, त्यामुळे परदेशातून एकेक संच टपालाने मागवणे परवडेनासे झाले आहे. माझा भाऊ नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला नोकरी करतो. त्याने तिथल्या एका संग्राहकाकडून वापरलेला संच घेतला आणि दिवाळीला पुण्याला येताना सोबत आणला. खोके त्याने तिकडेच सोडले, तुकडे झिपच्या पिशव्यांमध्ये भरले आणि त्या पिशव्या कपड्यांच्या घड्यांमध्ये बसवल्या. लेगोच्या खोक्यात निम्मी जागा हवेचीच असते, हे त्या दिवशी बॅग उघडल्यावर लक्षात आले. 730 तुकड्यांचा सगळा ऐवज एका मध्यम आकाराच्या स्टीलच्या डब्यात मावला.

या संचाशी आमचे जे नाते आहे ते सांगितल्याशिवाय परीक्षण प्रामाणिक होणार नाही. भाऊ 2017 मध्ये परदेशी गेला. पुणे आणि आइंडहोवन यांच्या घड्याळांत हिवाळ्यात साडेचार तासांचे अंतर असते. त्याचे जेवण उरकून तो खेळायला बसे तेव्हा इकडे मध्यरात्र उलटून गेलेली असे. मी खेळात युरोपचा विभाग निवडत असे आणि इतक्या दुरून खेळताना होणारा विलंब सहन करत असे, कारण आठवड्यातून दोनदा त्याच्याशी निवांत बोलण्याची तीच एक वेळ होती. मी विन्स्टन खेळायचो, म्हणजे उडी मारून शत्रूच्या गर्दीत शिरायचो आणि ढालीचा घुमट उभारायचो. तो मर्सी खेळायचा आणि माझ्या मागून उडत येऊन मला जिवंत ठेवायचा. ऑक्टोबर 2022 च्या सुरुवातीला मूळ ओव्हरवॉचचे सर्व्हर बंद झाले आणि 4 ऑक्टोबरला ओव्हरवॉच 2 सुरू झाला. जिब्राल्टरचा नकाशा नव्या खेळातही राहिला, पण संघ सहाऐवजी पाच जणांचा झाला, प्रत्येक संघातला एक टँक, म्हणजे पुढे राहून मार झेलणारा खेळाडू, कमी झाला आणि विन्स्टनला जोडीदाराच्या आधाराने खेळण्याची आमची पद्धत त्याबरोबर गेली. जो खेळ आम्ही खेळलो तो आता जसाच्या तसा कुठेही सुरू करता येत नाही. फळीवरच्या या रॉकेटला त्यामुळे आमच्या घरी खेळण्यापेक्षा जास्त किंमत आहे, आणि वाचकाने माझी स्तुती वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता जोडणीकडे वळतो. नव्या संचात तुकडे क्रमांक घातलेल्या पिशव्यांतून येतात आणि एका वेळी एकच पिशवी फोडायची असल्यामुळे शोधाशोध आटोक्यात राहते. वापरलेल्या संचात हा आधार नसतो. आमच्याकडे सगळे तुकडे एकत्र मिसळलेले आले होते, त्यामुळे पहिली संध्याकाळ केवळ धुण्यात आणि निवडण्यात गेली. धुण्यासाठी कोमट पाणी आणि थोडा सौम्य साबण पुरतो. पाणी 40 अंशांपेक्षा जास्त गरम असू नये, कारण हे प्लॅस्टिक उष्णतेने वाकडे होते. स्टिकर लावलेले तुकडे पाण्यात न बुडवता ओलसर फडक्याने पुसले. निवडताना आम्ही आधी रंगांप्रमाणे ढीग केले आणि ती चूक ठरली. या संचात पांढऱ्या आणि करड्या तुकड्यांचा भरणा इतका आहे की पांढऱ्यांच्या ढिगात हवा तो पांढरा तुकडा शोधणे म्हणजे तांदळातून खडे वेचण्यासारखे होते. मग आम्ही ढीग मोडून आकारांप्रमाणे लावले, म्हणजे प्लेटा (पातळ चपटे तुकडे) एका ताटलीत, उतरते तुकडे दुसऱ्या ताटलीत, टेक्निकच्या (लेगोच्या यांत्रिक जोडणीच्या) पिना वाटीत, आणि त्यानंतर हात भराभर चालू लागला. एकाच ढिगात वेगवेगळे रंग असले तर डोळा पटकन निवड करतो, पण एकाच रंगात वेगवेगळे आकार असले तर तो थकतो. जुना संच घेणाऱ्याने ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी त्याचे दोन तास वाचतील.

निवडताना एक करडा बिजागरीचा तुकडा कमी असल्याचे कळले. वापरलेल्या संचात असे होते, आणि लेगोच्या बाबतीत त्याचा फारसा बाऊ करण्याचे कारण नाही, कारण सूचनापुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते, प्रत्येक तुकड्याला स्वतःचा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावरून सुटा तुकडा शोधता येतो. आमच्या जुन्या डब्यात त्याच मापाची काळी बिजागरी निघाली. ती मनोऱ्याच्या मागच्या बाजूला बसवली आहे आणि ठाऊक नसलेल्या माणसाच्या ती नजरेस येत नाही. अनेक वर्षांच्या अंतराने बनलेले दोन तुकडे असे एकमेकांत घट्ट बसतात, त्यामागे 1958 च्या जानेवारीत डेन्मार्कमध्ये पेटंटसाठी नोंदवलेली ती नळ्यांची आणि उंचवट्यांची रचना आहे, जी आजही तशीच चालू आहे.

रॉकेट उभारताना जी गोष्ट मला सर्वांत जास्त आवडली ती भूमितीची आहे, आणि तिच्यावर थोडे रेंगाळणे मला आवश्यक वाटते. लेगोच्या दोन शेजारच्या उंचवट्यांमधले, म्हणजे स्टडमधले अंतर 8 मिलिमीटर असते, तर पातळ प्लेटची जाडी 3.2 मिलिमीटर असते. एकावर एक पाच प्लेटा ठेवल्या की 16 मिलिमीटर होतात, आणि दोन स्टडांची रुंदीही बरोबर 16 मिलिमीटरच असते. या एका योगायोगाने, खरे म्हणजे नीट विचार करून ठरवलेल्या मापांनी, तुकडे आडवे फिरवून बाजूला जोडणे शक्य होते. घर किंवा गाडी बांधताना स्टड वरच्या दिशेला असले तरी चालते. रॉकेटचे तसे नाही. त्याचे अंग चारही बाजूंनी दिसते, त्याला पाठ अशी नसते, आणि ते गोलसर भासावे लागते. म्हणून आत एक चौकोनी गाभा उभारायचा, त्याच्या चारही बाजूंना तोंड करून असलेले स्टड ठेवायचे आणि मग त्यांवर पांढरे पृष्ठभाग बाहेरून चढवायचे, अशा पद्धतीने काम चालते. सुरुवातीचा बराच वेळ हातात एक ओबडधोबड, रंगीबेरंगी खांब असतो आणि त्यातून रॉकेट कसे होणार याची कल्पना येत नाही. मग पहिली पांढरी बाजू चढते, दुसरी चढते, आणि तो खांब दिसेनासा होतो. भाऊ त्या वेळी म्हणाला, "दादा, आता याला कापड नेसवल्यासारखं वाटतंय." मला ती उपमा अगदी योग्य वाटली, आतले रंग फक्त जोडणाऱ्यालाच ठाऊक राहतात.

याच टप्प्यावर माझ्या हातून एक चूक झाली, जी इतरांच्याही हातून होईल म्हणून सांगतो. तिरप्या पाचरीसारख्या प्लेटा डाव्या आणि उजव्या अशा दोन वेगवेगळ्या साच्यांत येतात. सूचनापुस्तिकेतल्या चित्रात तो फरक दिसतो, परंतु पांढऱ्यावर पांढरे असे चित्र असले की तो नजरेतून निसटतो. मी एक पाचर उलट्या बाजूची बसवली आणि पुढच्या बऱ्याच पायऱ्या झाल्यावर, दोन बाजू समोरासमोर धरल्यावर ते कळले. उकलताना एक पातळ प्लेट नखाने निघेना. या कामासाठी लेगोचे नारिंगी रंगाचे चपटे अवजार मिळते. ते घरात असावे. चाकू किंवा दात यांनी तुकडा निघतो, पण त्यावर कायमची खूण राहते आणि पांढऱ्या तुकड्यावर ती फार उठून दिसते. ज्यांच्या बाजू एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा आहेत असे भाग दोघांनी समोरासमोर बसून एकाच वेळी करावेत, हा उपाय आम्हाला नंतर सापडला. एकाने डावी बाजू घ्यायची, दुसऱ्याने उजवी, आणि प्रत्येक पायरीनंतर दोन्ही शेजारी ठेवून पाहायच्या. पुनरावृत्तीचा कंटाळाही त्यामुळे गेला.

मनोऱ्याबद्दल माझे मत थोडे मिश्र आहे. तो जोडायला सोपा आहे, तासाभरात होतो, आणि रॉकेटला शेजारी आधार असल्याचा आभास त्याच्यामुळे येतो. त्याच्याशिवाय रॉकेट फळीवर एकटे आणि अधांतरी दिसले असते. परंतु खेळात त्या जागेला जो प्रचंडपणा आहे तो इथे येत नाही. खेळात विन्स्टन रॉकेटच्या पायथ्याशी उभा राहिला की लहानसा वाटतो. इथे तो मनोऱ्याच्या जवळ उभा केला की मनोराच त्याच्यापुढे ठेंगणा वाटू लागतो. 730 तुकड्यांत बाहुल्यांच्या मापाचे रॉकेट बसवायचे म्हणजे उंचीत तडजोड करावीच लागणार, हे मला मान्य आहे. तरीही रॉकेटच्या मागे हँगरची, म्हणजे याने ठेवण्याच्या शेडची, निदान एक भिंत असती तर ही तडजोड कमी जाणवली असती.

सुटे निघणारे यान हा या संचाचा प्राण आहे. ते काढताना आणि बसवताना खटका बसत नाही, रॉकेटचा उरलेला भाग हलत नाही, आणि सुटे केल्यावरही ते अपुरे दिसत नाही. पुष्कळ संचांत सुटा होणारा भाग मूळ वस्तूतून तोडून काढल्यासारखा वाटतो. इथे तो स्वतःच्या बळावर एक छोटे अंतराळयान आहे. आम्ही जोडणी पूर्ण झाल्यावर पहिली गोष्ट केली ती हीच, की यान हातात घेऊन हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत फिरवले. सहा वर्षे ज्या रॉकेटपाशी पोहोचून थांबत होतो, त्याचे कॉकपिट उघडून आत बाहुली बसवताना दोघेही काही क्षण गप्प होतो.

बाहुल्यांमध्ये विन्स्टन सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याची इथली जागा समजण्यासाठी खेळातली त्याची कथा ठाऊक असावी लागते. चंद्रावरच्या वसाहतीत प्रयोगासाठी वाढवलेल्या गोरिलांपैकी तो एक. ज्या शास्त्रज्ञाने त्याला माया लावली आणि आपला चष्मा दिला, त्या डॉ. हॅरोल्ड विन्स्टनचेच नाव त्याने पुढे धारण केले. वसाहतीत उठाव झाल्यावर तो स्वतः बांधलेल्या रॉकेटमधून पृथ्वीवर पळून आला. खेळ बाजारात येण्यापूर्वी, मार्च 2016 मध्ये, प्रकाशित झालेल्या छोट्या अॅनिमेशनपटात तो याच जिब्राल्टरच्या तळावर एकटा राहताना दिसतो आणि रीपर तिथे माहिती चोरण्यासाठी हल्ला करतो. म्हणजे या संचातली गोरिला, रॉकेट आणि रीपर ही तीन टोके एकाच गोष्टीत गुंफलेली आहेत. विन्स्टनचा साचा भरीव आहे, चेहऱ्यावरचा चष्मा आणि त्यामागची थोडी चिंताक्रांत नजर दोन्ही चांगली उतरली आहेत, आणि उभा केला की तो स्वतःच्या वजनाने स्थिर राहतो. मर्सीच्या पंखांमुळे ती गर्दीत उठून दिसते. रीपरचा मुखवटा लहान असूनही ओळखू येतो. फाराला तिच्या चिलखताचा डौल मिळाला आहे, परंतु जिब्राल्टरच्या कथेत तिची निवड का झाली हे मला नीटसे उमगले नाही. आकाशात झेपावणारे पात्र रॉकेटच्या जोडीला शोभते एवढेच कारण असावे.

मांडणीच्या बाबतीत पहिला प्रश्न उंचीचा आला. मनोऱ्यासह उभे रॉकेट फुटभराहून उंच होते आणि आमच्या पुस्तकांच्या कपाटाच्या कप्प्यात बसेना. लेगोचे रॉकेट आडवे ठेवण्यात काही अर्थ नसतो, म्हणून दिवाणखान्यातल्या काचेच्या शोकेसची एक फळी वरच्या खाचेत सरकवून जागा केली. काच असणे महत्त्वाचे आहे. पुण्याच्या उन्हाळ्यात उघड्या फळीवर आठवडाभरात धुळीचा थर बसतो, आणि स्टडांच्या मधल्या खाचांमधून ती फडक्याने निघत नाही. काचेमागेही महिन्यातून एकदा जलरंगाच्या मऊ, कोरड्या, रुंद कुंचल्याने वरून खाली झाडावे लागते. दुसरा प्रश्न उन्हाचा. पांढरे एबीएस प्लॅस्टिक अतिनील किरणांनी पिवळट पडते, आणि ज्या संचाचे सगळे रूप पांढऱ्या रंगावर उभे आहे त्याला हा धोका इतरांपेक्षा मोठा आहे. शोकेस पश्चिमेच्या खिडकीसमोर होते. ते आतल्या भिंतीला हलवले. हे काम आम्ही संच मांडण्याआधी केले आणि ज्यांच्या घरी पांढरी मॉडेल आहेत त्या सर्वांना मी तेच सुचवीन, कारण पिवळेपणा हळूहळू येतो आणि रोज पाहणाऱ्याला तो फार उशिरा कळतो.

पार्श्वभूमीला सुरुवातीला शोकेसची मूळ फिकट सनमायका होती आणि त्यावर रॉकेट हरवून जात होते. पाठीमागे गडद निळा जाड कागद लावल्यावर त्याच्या कडा एकदम स्पष्ट झाल्या. वरून पांढरा प्रकाश सोडला तर डोक्याचा भाग चकाकतो आणि पायथा अंधारात राहतो, म्हणून छोटी एलईडी पट्टी फळीच्या पुढच्या कडेला, खालून वर प्रकाश जाईल अशी लावली. प्रक्षेपणस्थळी रात्री खालून दिवे सोडलेले असतात तसा तो परिणाम आहे.

नंतर एका गोष्टीची उणीव मला सारखी जाणवू लागली, ती म्हणजे स्वतः जिब्राल्टरची. खरा जिब्राल्टर हा 426 मीटर उंचीचा, जुरासिक काळातल्या चुनखडीचा कडा आहे. तो ब्रिटनच्या ताब्यात आहे आणि युरोपातली जंगली माकडांची एकमेव वसाहत तिथे आहे. खेळाच्या लेखकांनी एका शास्त्रज्ञ गोरिलाला नेमके त्या कड्यावर ठेवले, हे मला फार जिव्हाळ्याचे वाटते. संचात कडा नाही. आमच्या जुन्या डब्यातले करडे, पांढरे आणि काही फिकट बदामी ठोकळे घेऊन मी रॉकेटच्या मागे एक ओबडधोबड उतार रचला, एका बाजूला जास्त सरळ आणि दुसऱ्या बाजूला निमुळता, कारण खऱ्या कड्याचा पूर्वेकडचा भाग तसाच तुटलेला आहे. त्याला सुमारे दोनशे ठोकळे लागले. मनोऱ्याबद्दलची माझी तक्रार या उताराने बरीच शमली; मागे कडा उभा राहिल्यावर मनोरा तळाचा एक भाग वाटू लागला आणि त्याचा ठेंगणेपणा डोळ्यांना खुपेनासा झाला. ज्यांच्याकडे सुटे ठोकळे आहेत त्यांनी ही भर जरूर घालावी. सूचनापुस्तिकेत जे सांगितले आहे तिथेच थांबले पाहिजे असा लेगोचा आग्रह कधीच नव्हता.

काही आठवड्यांनी शोकेस पुसताना काचेचे दार उघडे राहिले, फडक्याचा झटका मनोऱ्याला लागला आणि त्याचा एक हात निखळून रॉकेटच्या मागे पडला. पाच मिनिटांत तो पूर्ववत झाला. मुख्य म्हणजे रॉकेट पडले नाही, कारण आतल्या चौकोनी गाभ्यामुळे त्याचे वजन खाली आणि मध्यभागी आहे. तरीही फळीच्या कडेपासून ते आता हातभर आत ठेवले आहे. घर बदलण्याची वेळ आली तर यान, रॉकेटचा खालचा भाग आणि मनोरा असे तीन भाग वेगळे करून, प्रत्येक भाग मऊ कापडात गुंडाळून मांडीवर नेता येईल. पुन्हा पहिल्यापासून सगळे उकलण्याची गरज पडणार नाही.

किमतीचा विचार केला तर 730 तुकड्यांना 90 डॉलर ही मूळ किंमतच स्वस्त म्हणता येत नव्हती. केवळ तुकड्यांच्या संख्येवर हिशोब करणाऱ्याला त्याच पैशांत जास्त मोठे अंतराळयान मिळेल. विन्स्टनचा मोठा साचा आणि तीन तपशीलवार बाहुल्या यांच्यासाठी त्यातली बरीच रक्कम मोजली जाते, त्यामुळे ज्याला ही पात्रे ठाऊक नाहीत त्याने हा संच शोधत बसू नये. लहान मुलांसाठी घ्यायचा असेल तर यान काढणे-बसवणे त्यांना आवडेल, परंतु पांढऱ्या तुकड्यांची निवड त्यांच्याकडून एका बैठकीत होणार नाही. ज्यांनी ओव्हरवॉच मनापासून खेळला आहे त्यांनी मात्र वापरलेला, पण विन्स्टन आणि स्टिकर शाबूत असलेला संच पाहावा. बाकी तुकडे नंतर मिळवता येतात. ते दोन मिळवणे अवघड आणि महाग जाते.

या मालिकेचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. कॅलिफोर्निया राज्याच्या न्याय्य रोजगार आणि गृहनिर्माण विभागाने जुलै 2021 मध्ये ओव्हरवॉच बनवणाऱ्या अॅक्टिव्हिजन ब्लिझार्डविरुद्ध तिथल्या स्त्री-कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या वागणुकीवरून खटला दाखल केला. त्यानंतर लेगोने ओव्हरवॉच 2 च्या टायटन या यंत्रमानवाचा फेब्रुवारी 2022 मध्ये येऊ घातलेला संच रोखून धरला आणि या भागीदारीचा फेरविचार करत असल्याचे जाहीर केले. एका आवडत्या संचाची वाट पाहणाऱ्यांना त्यामुळे वाईट वाटले असेल, मलाही वाटले; पण खेळणे बनवणाऱ्या कंपनीने ही बाब गंभीरपणे घेतली याचा मला आदर आहे.

आमच्या फळीवर सध्या यान रॉकेटला जोडलेले आहे, फारा कड्याच्या माथ्यावर आहे, रीपर मनोऱ्याच्या सावलीत आहे आणि विन्स्टन रॉकेटच्या पायथ्याशी, वर पाहत असल्यासारखा उभा आहे. भाऊ परत निघाला त्या रात्री बॅग भरून झाल्यावर तो शोकेसपाशी आला आणि म्हणाला, "दादा, मर्सीला मी घेऊन जाऊ का? ऑफिसच्या टेबलावर ठेवीन." मी हो म्हणालो. मर्सी विन्स्टनच्या उजव्या हाताला, दोन स्टड मागे उभी होती. त्या दोन स्टडांवर मी दुसरे काही ठेवलेले नाही.